चार गिटारी, पाच स्पीकर: क्लासिकल गिटारचं समूहवादन सराउंडमध्ये ऐकताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात आता पुष्कळ घरांत होम थिएटर असतं. त्यावर सिनेमा लागतो, क्रिकेट लागतं, आणि गाणं ऐकायचं झालं की मोबाइलला छोटा ब्लूटूथ स्पीकर जोडला जातो. समोरून आणि मागून, चहूबाजूंनी आवाज देणारे, म्हणजे सराउंडचे, पाच स्पीकर भिंतीवर गप्प बसून राहतात. त्यांचा सर्वांत चांगला उपयोग ज्या संगीतासाठी होतो त्यात क्लासिकल गिटारच्या समूहवादनाचा क्रम फार वरचा आहे, असं माझं ठाम मत आहे. पणजी, म्हापसा, फोंडा, मडगाव इथल्या ऐकणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

क्लासिकल गिटार म्हणजे नेमकी कोणती? फादोच्या कार्यक्रमात दिसते तीच का?

फादो या पोर्तुगीज गायनात मुख्य चमकदार आवाज जिचा असतो ती पोर्तुगीज गिटार वेगळी. तिचा आकार नासपतीसारखा, आणि तारा धातूच्या, बारा. तिच्या शेजारी बसून साथ करणारी सहा तारांची गिटार आपल्या विषयाच्या जवळची आहे.

क्लासिकल गिटारचा आजचा आकार एकोणिसाव्या शतकात स्पेनमधल्या आंतोनिओ दे तोर्रेस या कारागिराने बसवला. पूर्वी तिला आतड्याच्या तारा असत. दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉनच्या आल्या. वाजवायची ती बोटांनी आणि नखांनी, पिकने नाही. आवाज मुळातच लहान आणि मऊ. तिला ना माइक लावायचा असतो ना अँप्लिफायर. हा लहान आवाज लक्षात ठेवा, पुढच्या बऱ्याच उत्तरांचं मूळ त्यात आहे.

गिटार तर एकट्यानं वाजवायचं वाद्य. चार जण मिळून काय वेगळं करतात?

एका गिटारवर सूर, साथ आणि खर्ज तिन्ही निघतात हे खरं, पण सगळं दोन हातांत मावावं लागतं. चौघं बसले की प्रत्येकाला एकेक ओळ मोकळेपणी वाजवता येते.

या प्रकाराला जगभर ओळख मिळवून दिली ती रोमेरो कुटुंबाने. वडील सेलेदोनिओ आणि मुलगे सेलिन, पेपे, आंखेल. मूळचे स्पेनमधल्या मालागाचे, नंतर अमेरिकेत स्थायिक झालेले. १९६० साली त्यांचं क्वार्टेट, म्हणजे चौघांचा संच, उभं राहिलं. त्यांच्यासाठी होआकिन रोद्रिगो यांनी चार गिटारी आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठी 'कोंसिएर्तो आंदालुस' लिहिला. १९६७ मध्ये तो पहिल्यांदा वाजला. त्यानंतर १९८० साली लॉस एंजेलिस गिटार क्वार्टेट सुरू झालं. त्यांच्यातले जॉन डिअरमन सात तारांची गिटार वाजवतात, म्हणून खर्ज अधिक खोल जातो. ब्राझीलियन गिटार क्वार्टेटमध्ये दोघांच्या हाती आठ तारांच्या गिटारी. त्या जोरावर त्यांनी बाखच्या चारही ऑर्केस्ट्रा सुइट, म्हणजे नृत्यरचनांच्या मालिका, रेकॉर्ड केल्या. जपानमध्ये तर निईबोरी पद्धतीत सोप्रानोपासून काँट्राबासपर्यंत लहानमोठ्या आकाराच्या गिटारी बनवून पूर्ण गिटार ऑर्केस्ट्राच उभा करतात.

त्यासाठी सराउंड कशाला? दोन चांगले स्पीकर पुरत नाहीत का?

पुरतात, आणि घरात दोनच चांगले स्पीकर असतील तर पाच स्वस्त स्पीकरांसाठी ते विकू नका. पण फरक कुठे पडतो ते सांगतो.

स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये व्हायोलिन, व्हिओला आणि चेलो यांचे आवाज वेगवेगळे असतात. डोळे मिटूनही कोण वाजवतंय ते कळतं. गिटार क्वार्टेटमध्ये चारही वाद्यं सारखीच. सगळ्यांचा आवाका जवळपास तोच, मोकळ्या खालच्या तारेपासून, म्हणजे ८२ हर्ट्झपासून, १००० हर्ट्झच्या आसपासपर्यंत. चौघांचे स्वर एकाच पट्ट्यात एकमेकांवर येऊन पडतात. मोबाइलवर ऐकलं तर वाटतं, कुणीतरी एकच माणूस फार अवघड गिटार वाजवतोय. दोन स्पीकरांवर डावीकडचा आणि उजवीकडचा कळतो, मधले दोघं एकमेकांत मिसळतात.

आवाजाचा पोत सारखा असेल तेव्हा कान जागेवरून वेगळं काढतो. चवथीला घुमट आरतीत हे आपण सगळ्यांनी अनुभवलेलं आहे. पाच-सहा घुमटं, शामेळ, झांज गोल करून वाजत असतात. तुम्ही त्या गोलात उभे असाल तर कुठला घुमटवाला ठेका धरून आहे आणि कुठला मध्येच बोल फिरवतोय ते स्पष्ट ऐकू येतं. तीच आरती रस्त्यावरून, भिंतीपलीकडून ऐकली तर सगळ्यांचा मिळून एकच गदारोळ होतो. घुमटं तीच, वाजवणारे तेच. फक्त प्रत्येकाची जागा हरवलेली असते.

सराउंड रेकॉर्डिंग ती जागा परत देतं. समोरच्या तीन स्पीकरांमध्ये चौघांना बसायला ऐसपैस जागा मिळते. मागचे स्पीकर ज्या सभागृहात वाजवलं त्याचा प्रतिध्वनी मागूनच आणतात. स्टीरिओमध्ये तो प्रतिध्वनीही समोरून, वाद्यांच्याच अंगावर येऊन पडतो आणि स्वरांच्या कडा बोथट करतो. तो मागे गेला की पुढे गिटारी स्वच्छ होतात. गिटारचा स्वर छेडल्याक्षणी मोठा असतो आणि लगेच विरायला लागतो. विरता विरता त्याला जे लांबवतं ते सभागृह. म्हणून व्हायोलिन किंवा पियानोपेक्षा गिटारला खोलीची गरज जास्त.

म्हणजे मागच्या स्पीकरमधून गिटार ऐकू यायला नको?

रेकॉर्ड करणाऱ्याने काय ठरवलं आहे त्यावर आहे. दोन पद्धती आहेत.

पहिलीत वादक समोर, तुम्ही प्रेक्षकांत. मागून फक्त सभागृह येतं. बहुतेक क्लासिकल रेकॉर्डिंग अशीच असतात. अशा वेळी मागच्या स्पीकरला कान लावला तर ऐकू येणारा आवाज फार बारीक असतो आणि लोकांना वाटतं सिस्टिम बिघडली. बिघडलेलं काही नसतं. मागचे स्पीकर एक मिनिट बंद करून पाहा, खोली समोरच्या भिंतीएवढी आक्रसते.

दुसऱ्या पद्धतीत तुम्ही वादकांच्या मधोमध. जर्मनीतली टासेट ही कंपनी मुद्दाम वादकांना ऐकणाऱ्याच्या चहूबाजूंनी मांडते. नॉर्वेची टू-एल ही कंपनी चर्चमध्ये माइकांचा झुबका मधे उभा करून वादकांना त्याच्याभोवती गोल बसवते. तिच्या 'लक्स' या अल्बमला २०२० मध्ये इमर्सिव्ह ऑडिओसाठी ग्रॅमी मिळालं. ही दोन्ही नावं गिटारसाठी प्रसिद्ध नाहीत, पण मधोमध बसून ऐकणं म्हणजे काय ते त्यांच्या रेकॉर्डिंगवरून नीट कळतं.

मला स्वतःला दोन वादक पुढे आणि दोन मागे ही मांडणी फक्त काही रचनांना शोभते असं वाटतं. एकच आकृती चौघं थोड्या थोड्या अंतराने वाजवत असतील, सूर एकाकडून दुसऱ्याकडे जात असेल, तिथे ती विलक्षण आनंद देते. जुन्या नृत्यांच्या सुइटमध्ये मात्र चौघं अर्धवर्तुळात समोर बसलेलेच बरे.

एसएसीडी लावली, पण दोनच स्पीकर वाजतात. डिस्क खोटी आहे का?

हा सर्वांत जास्त येणारा प्रश्न. एसएसीडी म्हणजे सीडीसारखीच दिसणारी, पण सराउंडही साठवू शकणारी डिस्क. पुढच्या गोष्टी याच क्रमाने तपासा.

डिस्कच्या मागच्या बाजूला 'मल्टिचॅनल' किंवा ५.१ (पाच स्पीकर आणि खर्जाचा एक सबवूफर) असं छापलंय का पाहा. एसएसीडी म्हणजे सराउंड असलंच पाहिजे असं नाही, पुष्कळ एसएसीडींवर फक्त स्टीरिओ असतं.

मग प्लेअर. हायब्रिड एसएसीडीमध्ये दोन थर असतात. एक साध्या सीडीचा, दुसरा एसएसीडीचा. साधा डीव्हीडी किंवा ब्लू-रे प्लेअर सीडीचा थर वाचतो, गाणं लागतं, आणि आपल्याला वाटतं एसएसीडी चालू आहे. एसएसीडीची खूण प्लेअरवर असायलाच हवी. ती असूनही सेटिंगमध्ये 'टू चॅनल' निवडलेलं असतं. मेनूत जाऊन ते बदला.

शेवटी वायर. ऑप्टिकल वायरीतून एसएसीडीचं मल्टिचॅनल जात नाही. सहसा एचडीएमआय लागते. प्लेअरपासून आधी रिसीव्हरकडे, म्हणजे सगळे स्पीकर ज्याला जोडलेले असतात त्या डब्याकडे, तिथून टीव्हीकडे. प्लेअर टीव्हीला आणि टीव्ही ऑप्टिकलने रिसीव्हरला अशी जोडणी दुकानातून येणारी मुलं सर्रास करून जातात. सिनेमाला ती चालते, एसएसीडीला नाही.

एसएसीडी, डीव्हीडी-ऑडिओ, ब्लू-रे, अ‍ॅटमॉस: घ्यायचं काय?

एसएसीडी सोनी आणि फिलिप्स यांनी १९९९ मध्ये आणली, डीव्हीडी-ऑडिओ त्याच्या पाठोपाठ. डीव्हीडी-ऑडिओ आता जवळजवळ संपली. पण कुणाच्या संग्रहात मिळाली तर सोडू नका. त्यातल्या बहुतेकांवर साध्या डीव्हीडी प्लेअरला वाचता येणारा डॉल्बी डिजिटल सराउंड ट्रॅकही असतो. एसएसीडी क्लासिकल संगीतात अजून तग धरून आहे. लॉस एंजेलिस गिटार क्वार्टेटचा 'गिटार हीरोज' हा टेलार्क कंपनीचा २००४ चा अल्बम मल्टिचॅनल एसएसीडीवर निघाला आणि त्याला पुढच्या वर्षी ग्रॅमी मिळालं. सुरुवात करणाऱ्याला मी आधी तोच सुचवतो.

अ‍ॅटमॉस हा वरूनही आवाज आणणारा सराउंडचा प्रकार, आणि त्याचं स्ट्रीमिंग सर्वांत सोपं. अ‍ॅपल म्युझिकने जून २०२१ मध्ये ते सुरू केलं. डिस्क मागवण्याचा खर्च आणि कस्टम्सची कटकट नाही. मात्र स्ट्रीमिंगवरचं अ‍ॅटमॉस दाबून लहान केलेलं असतं, ब्लू-रे डिस्कवरचं तसं नसतं. गिटारच्या विरत्या स्वरात तो फरक चांगल्या सिस्टिमवर कळतो. तरी मी म्हणेन, आधी स्ट्रीमिंगवर महिनाभर ऐका. आवड लागली तर डिस्क घ्या.

अ‍ॅटमॉसचं लेबल लावलेल्या सगळ्याच गोष्टी मुळात सराउंडमध्ये रेकॉर्ड झालेल्या नसतात. जुन्या स्टीरिओ टेपवरूनही नंतर अ‍ॅटमॉस मिक्स बनवतात. सभागृहात मागे आणि वर वेगळे माइक लावून केलेलं रेकॉर्डिंग आणि स्टुडिओत नंतर घातलेला कृत्रिम प्रतिध्वनी, दोन्ही एकाच नावाखाली विकले जातात. पुस्तिकेत रेकॉर्डिंगचं ठिकाण आणि तारीख पाहण्याची सवय लावून घ्या.

सत्तरच्या दशकात क्वाड्राफोनिक म्हणून काही होतं म्हणे. ते आज ऐकता येतं का?

येतं. त्या काळी फिलिप्ससारख्या कंपन्यांनी पुष्कळ क्लासिकल संगीत चार चॅनलवर रेकॉर्ड केलं. घरी ऐकायची साधनं मात्र रुळली नाहीत, आणि बाजारात फक्त स्टीरिओ गेलं. फिलिप्स क्लासिक्समधून बाहेर पडलेल्या लोकांनी २००१ मध्ये पेंटाटोन ही कंपनी काढली आणि त्या चार चॅनलच्या टेप स्वच्छ करून एसएसीडीवर आणल्या. यात सेंटर, म्हणजे समोरचा मधला स्पीकर, आणि सबवूफर गप्प असतात. वायर सुटली समजून कपाट सरकवायला जाऊ नका.

स्पीकर कुठे लावायचे? आमची वसरी लांबट आहे.

तुम्ही बसता ती खुर्ची मधोमध धरा. समोरचे दोन स्पीकर डावी-उजवीकडे ३० अंशांवर, सेंटर बरोबर समोर, आणि सराउंडचे दोन खांद्यांच्या किंचित मागे, १०० ते १२० अंशांवर. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस हीच आहे आणि स्टुडिओतही साधारण असंच असतं. सिनेमासाठी मागच्या भिंतीवर छताजवळ टांगलेले स्पीकर गिटारला फार उंच पडतात. शक्य असेल तर स्टँडवर, कानाच्या पातळीपेक्षा थोडे वर आणा.

लांबट वसरीत लांबीच्या दिशेने तोंड करून बसा, पण मागच्या भिंतीला टेकून नको. एक-दीड मीटर पुढे या.

अंतरं रिसीव्हरमध्ये नीट भरा. आवाज एका मीटरला सुमारे तीन मिलिसेकंद घेतो. आधी पोचलेल्या आवाजावरून कान दिशा ठरवतो. मागचा स्पीकर तुमच्यापासून एका मीटरवर आणि पुढचा तीन मीटरवर असेल, आणि रिसीव्हरला हे सांगितलेलं नसेल, तर अख्खं क्वार्टेट मागे ओढलं जातं. रिसीव्हरसोबत आलेला छोटा माइक कपाटात पडून असतो, तो काढा, कानाच्या उंचीवर ठेवून स्वयंचलित मोजणी चालवा. मग कानाने तपासा. मागचे स्पीकर 'ऐकू येतात' असं वाटलं तर ते एक-दोन डेसिबल कमी करा.

आता खोलीचं. जुन्या घरांच्या चिऱ्याच्या जाड भिंती आणि कौलांचं उंच छप्पर गिटारसाठी छान. आवाजाला वर जायला जागा असते, आणि उतरत्या छपरामुळे तो सरळ परत येत नाही. त्रास होतो तो नव्या फ्लॅटमध्ये. गुळगुळीत टाइल्स, समोरासमोरच्या उघड्या भिंती, मोठ्या काचा. मधे उभं राहून एक टाळी वाजवा. तिच्यामागे 'टर्र' असा धातूसारखा शेपटीचा आवाज आला, तर गिटारच्या प्रत्येक स्वरामागे तो येणार. जाड गालिचा पावसाळ्यात बुरशी धरतो, म्हणून धुता येणारी सतरंजी अंथरा, खिडकीला जाड सुती पडदा लावा, आणि एका भिंतीला पुस्तकांचं उघडं कपाट ठेवा. पुस्तकं कमीजास्त खोलीवर असली की आवाज विखुरतो.

सबवूफर लागतो का?

सहा तारांच्या गिटारला जवळजवळ नाही. तिची सर्वांत खालची तार ८२ हर्ट्झची, आणि सबवूफरचं काम साधारण ८० हर्ट्झच्या खाली सुरू होतं. सात-आठ तारांच्या गिटारी, काँट्राबास गिटार, किंवा वादकाने लाकडावर हाताने दिलेले ठोके असतील तेव्हा त्याचा उपयोग होतो. समोरचे स्पीकर छोटे असतील तर मात्र ठेवा. सिनेमासाठी वाढवून ठेवलेली त्याची पातळी आधी खाली आणा, नाहीतर गिटारच्या पोटात पाणी भरल्यासारखं वाटतं.

सेंटर स्पीकर काढून टाकला तर?

फक्त तुम्ही एकटेच मधोमध बसत असाल तर फार बिघडत नाही. पण क्वार्टेटमधले मधले दोन वादक सेंटरवरच टेकलेले असतात. सेंटर नसेल आणि तुम्ही जरा डावीकडे सरकलात, तर तेही डावीकडे सरकतात. एक अट आहे. सेंटर बाकीच्या दोघांच्याच जातीचा हवा. वेगळ्या कंपनीचा असेल तर चार सारख्या गिटारींतल्या दोन वेगळ्या वाजायला लागतात.

आवाज किती ठेवू?

वाटतं त्यापेक्षा कमी. गिटार खोलीत कुणी खरोखर वाजवली तर दोघांच्या साध्या बोलण्यापेक्षा फार मोठी नसते. क्वार्टेट त्याहून थोडं भरदार. आवाज वाढवला की वाद्यं मोठी होतात, तीन फुटांच्या गिटारी कपाटाएवढ्या वाटायला लागतात. पंखा, फ्रिज, एसी बंद करा किंवा कमी करा. एवढं केलं की कमी आवाजातच सगळं ऐकू येतं.

पावसाळ्यात काय करावं?

गोव्यात जून ते सप्टेंबर हा प्रश्न खराच आहे. कौलांवर किंवा पत्र्यावर मुसळधार पडत असताना गिटार ऐकायचा हट्ट धरू नका, ते शक्य नाही. उघडीप असेल तेव्हा, किंवा रात्री उशिरा ऐका.

यंत्रांची काळजी घ्यायला हवी. डिस्क आणि प्लेअरच्या आतली लेन्स दोन्हींवर बुरशी येते. डिस्क मऊ कोरड्या कापडाने मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. डिस्कच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या बदलत राहा. प्लेअर-रिसीव्हर महिनोन्‌महिने बंद ठेवण्यापेक्षा आठवड्यातून एकदोनदा तासभर चालवले तर आतली ओल निघते. गडगडाट सुरू झाला की बटण बंद करून भागत नाही, प्लग काढा, आणि केबल टीव्ही किंवा इंटरनेटची वायरही काढा. वीज पडते तेव्हा झटका तिथूनही येतो. स्वस्त इन्व्हर्टरवर सिस्टिम चालवली तर स्पीकरमधून घरघर येऊ शकते. प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टर असेल तर तो त्रास सहसा नसतो.

जुनी स्टीरिओ रेकॉर्डिंग रिसीव्हरने सराउंड करून ऐकावीत का?

रिसीव्हरमध्ये डॉल्बी सराउंड, न्यूरल एक्स अशी बटणं असतात. ती स्टीरिओतला प्रतिध्वनी ओळखून मागे पाठवतात. चर्चसारख्या जागी केलेल्या रेकॉर्डिंगवर हे कधी कधी छान जमतं. नॅक्सॉस या कंपनीची कितीतरी गिटार रेकॉर्डिंग कॅनडात, टोरांटोजवळच्या न्यूमार्केट गावातल्या एका चर्चमध्ये झालेली आहेत, ती अशी ऐकून पाहा. पण दोन गिटारींची जुनी रेकॉर्डिंग, उदाहरणार्थ ज्युलियन ब्रीम आणि जॉन विल्यम्स यांची जुगलबंदी, मी दोनच स्पीकरांवर ऐकतो. एक डावीकडे, एक उजवीकडे. त्यात सुधारणा करण्यासारखं काही नाही. 'हॉल', 'चर्च', 'स्टेडियम' नावाच्या बटणांना हात लावू नका.

हेडफोनवर सराउंड ऐकलं तर चालेल?

चालेल, पण अर्धवट. हेडफोनवरचं अ‍ॅटमॉस कानाच्या सरासरी आकारावरून दिशेचा भास तयार करतं, आणि प्रत्येकाचा कान वेगळा. काहींना वादक समोर दिसतात, काहींना ते डोक्याच्या आतच बसलेले वाटतात. तुम्हाला दुसरा अनुभव येत असेल तर दोष तुमच्या ऐकण्याचा नाही. फ्लॅटमध्ये रात्री शेजाऱ्यांची झोप सांभाळायची तर साधं स्टीरिओ हेडफोनवर जास्त गोड लागतं.

आम्ही नाट्यसंगीत आणि ख्याल ऐकून वाढलो. या संगीतात धरायचं काय?

हा प्रश्न मला सर्वांत जवळचा वाटतो. मंगेशीच्या, म्हार्दोळच्या देवळांच्या सावलीत ज्यांचे कान तयार झाले, ते एक सूर धरून त्याच्या मागे जातात. मागे तानपुरा असतो, तो जमीन देतो. गिटार क्वार्टेटमध्ये तानपुरा नाही आणि एकच मुख्य गायकही नाही. पहिल्यांदा ऐकताना आपण वरचा सूर पकडतो, तो मध्येच दुसऱ्याकडे जातो, आणि हात सुटल्यासारखं होतं.

माझी सूचना अशी. एकच चार-पाच मिनिटांची रचना घ्या आणि ती चार वेळा ऐका, लागोपाठ नको, चार दिवसांत. पहिल्या दिवशी फक्त खालचा वादक. तो कुठे पाय रोवतो, कुठे थांबतो. बंदिशीची सम कान आपोआप शोधतो तशीच इथेही त्याच्याकडून एक जमीन मिळते. दुसऱ्या दिवशी मधल्या दोघांपैकी एक. हा सर्वांत अवघड, कारण तो बहुतेक वेळ भरणा करत असतो, आणि त्याच्याकडे सूर आला की क्षणभरच येतो. इथेच सराउंडची मदत होते. तो सेंटरच्या किंचित डावीकडे बसलाय हे एकदा कळलं की तिथेच लक्ष ठेवता येतं. तिसऱ्या दिवशी दुसरा मधला. चौथ्या दिवशी कुणालाच धरू नका.

यात रागाची शिस्त शोधू नका, आलापीची अपेक्षा ठेवू नका. त्याऐवजी चार ओळी एकमेकींना कधी धक्का देतात आणि कधी सोडवतात ते ऐका. ताण आणि सुटका दोन्हीकडे आहे. आपल्याकडे ते एका गळ्यात घडतं, इथे चौघांत वाटलेलं असतं.

सुरुवातीला कोणत्या रचना ऐकू?

'गिटार हीरोज'चा उल्लेख वर आला. रचना म्हणाल तर क्यूबाचे लिओ ब्राउवर यांची १९८४ ची 'पाइसाखे कुबानो कोन युबिया', म्हणजे क्यूबाचा पावसातला देखावा. चौघांकडून एकेक सुटा थेंब पडत जातो, थेंब दाट होतात, आणि धो धो कोसळतं. सराउंडमध्ये मिळाली तर उत्तम, नाही तर स्टीरिओतही ऐकाच. गोव्यात राहणाऱ्याला ही रचना कुणी समजावून सांगावी लागत नाही. त्यानंतर बोक्केरिनीचा 'फांदांगो', गिटारींसाठी बांधून घेतलेला. मग ब्राझीलच्या पाउलो बेलिनाती यांच्या नाचऱ्या रचना. बाख मात्र जरा कान रुळल्यावर.

बोटं तारेवरून सरकल्याचा 'चिर्र' आवाज मागेपुढे सगळीकडे येतो. खराबी आहे का?

नाही. खर्जाच्या तारांवर धातूची बारीक तार गुंडाळलेली असते, तिच्यावरून बोट सरकलं की हा आवाज येतो. माइक फार जवळ असेल तर तो जास्त ऐकू येतो. वादक समोर बसलेल्या रेकॉर्डिंगमध्ये तो फक्त समोरून यायला हवा. मागूनही तितकाच स्पष्ट येत असेल तर रिसीव्हर 'ऑल चॅनल स्टीरिओ'वर आहे, ते बंद करा.

प्रत्यक्ष ऐकायला गोव्यात कुठे जावं?

जुन्या गोव्यातल्या मोंतेच्या कपेलात फुंदासाओ ओरिएंते या पोर्तुगीज सांस्कृतिक संस्थेचा मोंते संगीत महोत्सव होतो, तिथे पाश्चात्त्य आणि भारतीय दोन्ही संगीत असतं. पणजीच्या कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचं शिक्षण चालतं. तिथल्या विद्यार्थ्यांचे छोटे कार्यक्रम चुकवू नका. माइक न लावता वाजलेली गिटार एकदा दहा फुटांवरून ऐका. घरी आल्यावर सिस्टिमचा आवाज किती ठेवायचा हे वेगळं सांगावं लागणार नाही.

घरी चार-पाच जण एकत्र ऐकायला बसले तर कुणी कुठे बसावं?

मधली खुर्ची ज्याने ही रचना पूर्वी ऐकलेली नाही त्याला द्या. बाकीचे त्याच्या मागे, एका रांगेत न बसता थोडे आडवेतिडवे बसा, म्हणजे कुणी मागच्या स्पीकरच्या तोंडाशी येणार नाही. स्पीकरच्या अगदी जवळ बसलेल्याला तोच एक स्पीकर ऐकू येतो, त्यामुळे त्या कोपऱ्यात खुर्ची ठेवूच नका. रचना संपली की जागा बदला आणि तीच पुन्हा लावा.